ती पाठ माझी न्हाई

आमच्या घाटकोपरच्या कॉलनीत एक बाई चाळीस वर्षं एका पाठीवरून भांडत होती. पाठ तिची नव्हती, आणि भांडण नेमकं तेच होतं. "ती पाठ माझी न्हाई!" हे वाक्य मी तिच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा आईने मला "अभ्यास कर" म्हटलं नसेल. रेशनच्या रांगेत, हळदीच्या मांडवात, एकदा तर दवाखान्यात सलाईन लावलेलं असताना नर्सलासुद्धा तिने ऐकवलं. नर्स बिचारी केरळची. पेशंटची पाठ दुखतेय असं समजून तिने मलम चोळून दिलं.

खरं नाव द्वारकाबाई, पण ते फक्त रेशनकार्डावर. कॉलनीत लहानमोठे सगळे तिला डायलॉगमावशी म्हणायचे. नाव ऐकून कुणाला वाटेल, बाई फार बोलघेवडी असणार. ती होतीच, पण नाव त्यावरून पडलं नव्हतं. ते पडलं एका पिक्चरवरून, आणि लाडाने तर मुळीच पडलं नव्हतं. गेल्या थंडीत ती गेली. आता तिच्याबद्दल लिहायला बसलेय तर आधी हे कबूल केलं पाहिजे की तिला त्या नावाने सगळ्यात जास्त छळणाऱ्या पोरांत मी पहिल्या नंबरावर होते.

पिक्चरचं नाव मी सांगणार नाही, कारण मावशीनेही ते कधी घेतलं नाही. ती त्याला "आपला पिक्चर" म्हणायची. जुना मराठी पिक्चर, जातीवरचा आणि जमिनीवरचा. गावच्या पाटलाने गावकुसाबाहेरच्या लोकांची जमीन लाटलेली असते. पाटलाचा मुलगा शहरातून शिकून येतो, बापाशी भांडतो आणि वस्तीतल्या एका पोरीवर त्याचं प्रेम बसतं. पोरगी शेवटी मरते. मरायलाच पाहिजे, नाहीतर हिरोचे डोळे कसे उघडणार! मग हिरो जमिनीचे कागद आणून वस्तीत वाटतो, सगळे त्याच्या पाया पडतात आणि पिक्चर संपतो. त्या काळी लोक म्हणाले, काय धाडसी पिक्चर आहे! आणि खरं सांगायचं तर थोडाफार होताही. पाटील देवळासमोर पाणी नाकारतो तो सीन आजही बघवत नाही.

पण मावशीला कुणी समीक्षा विचारायची सोय नव्हती. "दोन तास वीस मिनिटं आपण नुसतं रडतो गं, आणि तो पांढऱ्या शर्टातला बाबा सगळं करतो. एक बाई तरी दगड उचलते का? न्हाई. आणि जमीन कुणाची होती? आपली. मग आपलीच जमीन आपल्याला दिली तर उपकार कसले? उद्या माझी चप्पल चोरशील आणि मलाच आहेर म्हणून देशील!" एवढं सगळं ती बोलणार, पण दुसऱ्या कुणी पिक्चरला नावं ठेवली की हीच बाई अंगावर धावून जाणार. "पिक्चर चुकला असंल, पण त्यात आपण होतो. त्याच्या आधी कुणी घेतलं होतं आपल्याला पडद्यावर?" तिच्याशी वाद घालायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी तीच बोलणार हे धरूनच बसावं लागे.

ती पिक्चरमध्ये गेली कशी, तर ट्रकमधून. लग्न होऊन साताऱ्याकडून मुंबईला येऊन तिला तीन-चार वर्षं झाली होती. एक दिवस एक्स्ट्रा पुरवणारा माणूस कॉलनीत आला. डायरेक्टरला म्हणे "खरे चेहरे" पाहिजे होते. कॉलनीतल्या सात बाया तयार झाल्या, तिकडून आणखी वस्त्यांतली माणसं घेतली आणि सगळ्यांना गोरेगावच्या जंगलात उभारलेल्या खोट्या गावात नेऊन सोडलं. तिथे मेकअपवाला वाटच बघत होता. त्याने खऱ्या चेहऱ्यांना काळा रंग फासायला घेतला. "मला!" मावशी स्वतःच्या गालावर बोट ठेवून सांगायची, "मला काळी करायला रंग! मी म्हटलं, भाऊ, देवानं आधीच केलंय काम, तू कशाला डबा संपवतोस?" हिरोईनलाही तोच रंग लावला होता. "ती काळी होऊन बी गोरीच दिसायची, आणि आम्ही धुतल्यावर बी दोन दिवस काळ्याच!"

आता तो सीन. हिरो कागदांची चळत घेऊन येतो आणि पहिला कागद मावशीच्या हातात देतो. मावशी उंच, नाकीडोळी नीटस, म्हणून तिला पुढे उभी केलेली. असिस्टंटने दहा वेळा घोकून घेतलं होतं. कागद घ्यायचा, पाया पडायचं आणि म्हणायचं, "धनी, लई उपकार झाले." मावशीने तसं पाठही केलं. पण कॅमेरा सुरू झाला, साहेबासारख्या दिसणाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर तिच्या हातात कागद ठेवला, आणि घोटाळा झाला.

ज्यांनी आमच्या कॉलनीतली जयंती बघितलीय त्यांना हा घोटाळा लगेच कळेल. आमच्याकडे स्टेजवर पाहुण्यांच्या हातून काही घेतलं, मग ते चौथीतल्या पोराचं निबंधाचं सर्टिफिकेट असो वा रांगोळीच्या बक्षिसाचा डबा, की पहिल्यांदा हात जोडायचे आणि ताठ उभं राहून खणखणीत आवाजात "जय भीम" म्हणायचं. समोरची माणसं उत्तर देतात. हे कुणी शिकवत नाही, अंगात बसतं. मावशीने कागद घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम!" मागून सहा बायांनी उत्तर दिलं, "जय भीम!" पिक्चरमधला काळ स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीचा होता, त्या गावात हे शब्द अजून कुणी ऐकलेलेच नव्हते. डायरेक्टरने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. पुन्हा घेतला. पुन्हा तेच! तोवर ऊन उतरलं होतं, फिल्म संपत आली होती आणि हिरोला विमान गाठायचं होतं. डायरेक्टर म्हणाला, राहू दे, डबिंगला बघू.

त्या काळी शूटिंगच्या वेळचा आवाज ठेवायचेच नाहीत. नंतर स्टुडिओत सगळे आवाज नव्याने भरायचे. तसा भरला. मावशीचा चेहरा तीन सेकंद दिसतो तिथे कुणा दुसऱ्याच बाईचा रडका आवाज बसवला, "धनी, लई उपकार झाले." आणि मावशी काही वाकली नव्हती, म्हणून पुढचा तुकडा दुसऱ्याच एका बाईच्या पाठीचा जोडला. हिरोच्या पायावर वाकलेली पाठ. लुगडी सगळ्यांची सारखीच मळकट, फक्त काठाचे रंग वेगळे.

पिक्चर लागला तेव्हा अख्खी कॉलनी थेटरात गेली. मावशी नवी साडी नेसून मधल्या रांगेत बसली होती. तो सीन आला. कॉलनीने काय बघितलं? आपली द्वारका कागद घेते, "धनी, लई उपकार झाले" म्हणते आणि पायावर डोकं ठेवते. तीन सेकंदांत कोण ओठ बघतं आणि कोण काठ बघतं! घरी आल्यावर वयस्कर मंडळींनी तिला अंगणात उभी केली. तिच्या सासऱ्यांचे दोस्त होते ते, ज्यांनी गाव सोडताना वाकणंही तिथेच सोडलं होतं. एक आजोबा म्हणाले, "पडद्यावर का होईना, पण वाकलीस ना बाई?" मावशी ओरडून सांगत राहिली की तो आवाज माझा न्हाई, ती पाठ माझी न्हाई, माझ्या लुगड्याला हिरवा काठ होता. बरोबरच्या सहा बायांनी साक्ष दिली. लोक म्हणाले, तुम्ही तिच्याच मैत्रिणी. त्या दिवसापासून ती डायलॉगमावशी झाली.

आमच्या लहानपणापर्यंत त्यातला राग विरून नुसती मस्करी उरली होती. पण मस्करी काय कमी लागते? मावशी आम्हा पोरांना लिमलेटच्या गोळ्या द्यायची. गोळी हातात पडली की मी कमरेत वाकायची आणि गळा काढायची, "धनी, लई उपकार झाले!" सगळी पोरं खिदळायची. मावशी माझ्या पाठीत धपाटा घालायची, "सुजे, मुडदा बशिवला तुझा, सरळ उभी राहा आधी!" आणि पुढच्या वेळी पुन्हा गोळी द्यायची. मला वाटायचं, तिला गंमत वाटते.

त्या सहा बायांपैकी दोघी वारल्या, चौघी कल्याण-बदलापूरकडे राहायला गेल्या. साक्षीदार संपले. पिक्चर अधूनमधून टीव्हीवर लागायचा, पण त्याच्या प्रिंटची एव्हाना वाट लागलेली होती. त्या काळच्या रंगीत प्रिंट पडून राहिल्या की लाल होतात, हिरवं आणि निळं उडून जातं. सगळं गाव टोमॅटोच्या सारात बुडवल्यासारखं दिसायचं. मावशी टीव्हीला नाक लावून सांगायची, "हे बघ, हिरवा!" आणि आम्हाला लाल दिसायचं. चेहऱ्यावर तर ओरखड्यांचा पाऊस. ओठ कुठले दिसतात!

मावशी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला होती. तीस वर्षं एका सरकत्या पट्ट्यासमोर वाकून उभी राहिली, फुटकी गोळी दिसली की उचलून बाजूला टाकायची. नजर अशी तयार की आमच्या घरी तांदूळ निवडायला बसली तर खड्यांना पळायला जागा नसायची. पण त्या पट्ट्याने तिची पाठ नेली. रिटायर झाली तेव्हा ती चांगलीच वाकली होती. एकदा भाऊबीजेला माझा भाऊ हसत हसत म्हणाला, "मावशी, आता तरी मान्य कर, पाठ तुझीच आहे." मावशीच्या हातात करंजी होती. तिने ती ताटात परत ठेवली आणि घरी गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तिला गंमत कधीच वाटली नव्हती. एवढी वर्षं ती खरोखरच भांडत होती, आणि आम्ही खरोखरच तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मी पुढे आवाजाच्या धंद्यात पडले. अंधेरीला एका स्टुडिओत जुन्या पिक्चरचे आवाज साफ करते. खरखर काढायची, फटफट काढायची, हिरोईनचा हुंदका राहू द्यायचा. रंग आणि चित्र साफ करायचं काम शेजारच्या खोलीतली मंडळी करतात. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या टेबलावर नवं काम आलं आणि नाव वाचून मी उभीच राहिले. आपला पिक्चर! प्रोड्यूसरच्या नातवाला मूळ निगेटिव्ह सापडली होती आणि मोबाईलवर पिक्चर दाखवणाऱ्या एका कंपनीने तो घेतला होता. नातू चांगला मुलगा होता, पायात महागडे बूट, बोलणं नम्र. म्हणाला, "मॅम, पिक्चर थोडा प्रॉब्लेमॅटिक आहे, आय नो. पण आजोबांचा आहे." मी मनात म्हटलं, बाबा, आमच्या मावशीचापण आहे.

मी सरळ शेवटच्या रिळावर गेले. शेजारच्या खोलीतल्या मंडळींनी चित्र असं धुतलं होतं की गवत हिरवं, आकाश निळं. हिरो कागद घेऊन आला. आणि मावशी दिसली. पंचविशीतली, उंच, ताठ. लुगड्याचा काठ हिरवागार! मी आवाज बंद केला आणि तिचे ओठ बघितले. हे माझं रोजचं काम आहे, ओठ आणि आवाज जुळतात का ते बघायचं. मला ओठ वाचायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. तरी मी अकरा वेळा बघितलं. दोन शब्द. मग पुढचा तुकडा आला, वाकलेली पाठ. काठ पिवळा होता. मी कानावरचे हेडफोन काढले आणि हमसून हमसून रडले. चहा घेऊन आलेला आमचा शिपाई घाबरून परत गेला.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्या मोबाईलवाल्या कंपनीकडून चुकांची यादी आली. त्यात लिहिलं होतं, अमुक सीनमध्ये बाईचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत, तिचा शॉट काढून तिथे हिरोच्या चेहऱ्याचा शॉट लावावा. तीन सेकंदांचा तर प्रश्न! नातू म्हणाला, "करून टाकू ना मॅम, कोणाला कळणार?" चाळीस वर्षांनी सापडलेला एकच पुरावा, आणि तो कापायचा कागद माझ्याच टेबलावर. मी त्याला म्हटलं, "कापायच्या आधी एकदा लोकांना दाखवू या. आमच्या कॉलनीत, हॉलमध्ये. तुम्हीपण या." त्याला कल्पना आवडली. कशाला दाखवायचंय ते मी सांगितलं नाही. आधी त्याने डोळ्यांनी बघावं असं मला वाटलं.

मावशीला सांगितलं तर ती आधी रागावली. "तुला आता दिसलं होय? मी चाळीस वर्षं काय भिंतीला सांगत होते?" मग म्हणाली, "सगळ्यांना दिसंल का गं?" कॉलनीच्या कमिटीत मात्र वेगळीच अडचण. प्रज्ञा नावाची आमची एक मुलगी आहे, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा, तोंडाने तिखट. ती म्हणाली, "जयंतीच्या आठवड्यात हा पिक्चर? ज्यात एक पाटलाचा पोरगा येऊन आपला उद्धार करतो? मावशी, सॉरी, पण हा पिक्चर बेकार आहे." मावशी म्हणाली, "बेकारच हाय. मी तुझ्या जन्माआधीपासून सांगतेय. म्हणून तर बघायचा. काय काय चुकलंय ते तूच उभी राहून सांग लोकांना. पण बघ आधी." प्रज्ञाला असं उत्तर अपेक्षित नव्हतं. ती तयार झाली.

हॉल भरला होता. खुर्च्या संपल्या तशी माणसं सतरंजीवर बसली, बाया पोरांना मांडीवर घेऊन बसल्या. नातू पहिल्या रांगेत, त्याच्या हातात कुणीतरी थंडा दिला होता. मी आवाजाच्या मशीनजवळ. पिक्चर सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत हॉलने त्याची पार सालटी काढली. हिरोईन आली तशी मागून एक बाई ओरडली, "अगं, कान धुवायचे राहिले तिचे!" खरंच, मेकअपवाल्याने कान रंगवलेच नव्हते, आणि आता इतक्या स्वच्छ चित्रात ते गोरेपान दिसत होते. हिरो भाषण करायला लागला की पोरं "बास रे!" करायची. पण देवळासमोरच्या पाण्याच्या सीनला सगळा हॉल चिडीचूप झाला. माझ्या शेजारी एक आजी पुटपुटली, "असंच होतं, असंच." पिक्चरमध्ये काय खरं होतं आणि काय खोटं, ते त्या हॉलला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटचं रीळ लागलं. हिरो कागद घेऊन निघाला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, "आता डायलॉग, आता डायलॉग." एक-दोघे हसलेसुद्धा. माझा पगार आवाज साफ करण्याचा. त्या दिवशी मी हात पुढे केला आणि आवाज बंद केला.

आठ फुटांच्या पडद्यावर मावशीचा चेहरा आला. स्वच्छ, ताठ, डोळे सरळ समोर. हातात कागद. हात जोडले गेले. ओठ हलले. जय भीम. असे स्पष्ट हलले की पहिलीतल्या पोराला वाचता आलं असतं. एक क्षण कुणालाच काही कळेना. मग मागे, भिंतीपाशी बसलेलं कुणीतरी सवयीने, अगदी सवयीने बोलून गेलं, "जय भीम!" आणि मग अख्खा हॉल. त्या सहा बायांचं जे उत्तर स्टुडिओत पुसून टाकलं होतं ते शेकडो गळ्यांतून परत आलं. पत्रे हादरले म्हणतात ना, ते मी त्या दिवशी ऐकलं. मी पिक्चर थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. पुन्हा उत्तर. तिसऱ्यांदा प्रज्ञा खुर्चीवर उभी राहून ओरडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग वाकलेली पाठ आली. कुणीतरी ओरडलं, "काठ पिवळा आहे! पिवळा!" मी चित्र तिथेच थांबवलं. मावशी उठली. काठी टेकत पडद्यासमोर गेली. वर पडद्यावर ती परकी पाठ, खाली हिची, तीही वाकलेली. मावशीने पडद्याकडे बोट केलं.

"ती पाठ माझी न्हाई," ती म्हणाली. मग वळली आणि स्वतःची पाठ सगळ्यांना दाखवली. "ही माझी. ही कामानं वाकली. कुणाच्या पायावर न्हाई."

माझा भाऊ मागच्या रांगेत होता. तो सरळ पुढे आला आणि म्हणाला, "मावशी, मला माफ कर." मावशीने त्याच्या पाठीत तोच जुना धपाटा घातला आणि म्हणाली, "सरळ उभा राहा आधी." हॉल इतका हसला की नातूपण हसायला लागला, त्याला काय कळलं देव जाणे. पण निघताना तो माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "मॅम, तो शॉट कापायचा नाही. पण कंपनीला कारण काय देऊ? ते म्हणतील, मिस्टेक आहे." मी म्हटलं, उद्या लिहून देते.

मावशीला घरापर्यंत सोडायला गेले. संध्याकाळची वेळ, वाटेत जो भेटेल तो तिला हात जोडत होता आणि ती मंत्र्यासारखी मान हलवत होती. दारापाशी आल्यावर मी म्हटलं, "मावशी, काय नशीब बघ. सवयीनं तोंडातून गेलं आणि चाळीस वर्षं टिकलं."

मावशी उंबऱ्यावर बसली. "सवयीनं पहिल्यांदा गेलं," ती म्हणाली. "मग तो असिस्टंट माझ्यावर ओरडला. म्हणाला, बाई, जमीन मिळतेय तुम्हाला, जरा उपकार मानल्यासारखं तोंड करा! सुजे, माझ्या बापाची तीन एकर होती गावाकडं. दुसऱ्यानंच नांगर घातला. बाप कचेरीत खेटे घालून घालून मेला, पण कुणाच्या पाया पडला न्हाई. आणि मी कोऱ्या कागदासाठी पडू? मी हातातला कागद उलटून बघितला होता, दोन्ही बाजूंनी कोरा! मी असिस्टंटला म्हटलं, बरं साहेब. आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं."

"पण मग पडद्यावर दिसतं ते पहिलं की दुसरं?"

"तू आवाजाचं काम करतेस ना? तोंड बघत जा की जरा." मावशी हसली. "पहिल्यांदा मी हसत होते. स्टेजवर बक्षीस घेताना हसतो तशी. आज पडद्यावर हसतेय का मी?"

नव्हती हसत. मी अकरा वेळा बघितलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

त्यानंतर ती वर्षभर होती. पिक्चर मोबाईलवर आल्यावर स्वतःच्या नातवाकडून रोज लावून घ्यायची आणि रोज हिरोला शिव्या घालायची. डायलॉगमावशी हे नाव तिने शेवटपर्यंत चालू ठेवलं. म्हणायची, आता कुठं ते माझं झालंय.

हॉलमधल्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओत गेले आणि चुकांची यादी उघडली. त्या सीनसमोर दोन रकाने होते. "दोष" या रकान्यात कंपनीने लिहिलं होतं, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. "उपाय" हा रकाना माझा होता. त्यात मी लिहिलं, "दोष आवाजात आहे, ओठांत नाही. बाईंनी जाणून केलेलं आहे. कुणीही हात लावू नये."